हर्क्युल पॉयरो : नऊ महिने वाचल्यानंतर

मामांनी घर बदलताना अगाथा ख्रिस्तीच्या पुस्तकांचा अख्खा गठ्ठा माझ्याकडे आणून टाकला त्याला नऊ महिने झाले. तिचा गुप्तहेर पॉयरो, त्याच्या एकूण ३३ कादंबऱ्या, त्यातल्या २१ वाचून झाल्या, कथा वेगळ्या. दुपारी दोन ते चार आमच्या मेडिकलमध्ये गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा काउंटरवर बसूनच वाचते. खुनी कोण ते कुठेच सांगणार नाहीये, पण पहिल्या पुस्तकातल्या दोन-तीन गोष्टी सांगाव्याच लागतील, त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही.

पहिलं म्हणजे द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स, १९२० चं. मी फार्मसी केलेली, त्यामुळे इथेच पार अडकले. जिचा खून होतो त्या म्हातारीच्या टॉनिकमध्ये स्ट्रिकनीन हे विष आहे, त्या काळी टॉनिकमध्ये थोडंसं घालायचेच, आणि त्यात कुणीतरी ब्रोमाइडची पूड टाकतं. झालं, स्ट्रिकनीन खाली बसतं आणि बाटली संपत येईल तसं सगळं विष शेवटच्या डोसात उतरतं. बाहेरून विष आणायलाच नको! ते पान उघडं ठेवूनच मी एका आजोबांना पातळ औषधाची बाटली दिली आणि आजोबा दर वेळी नीट हलवून घ्या हं, असं दोनदा बजावलं. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करायची, ते माहीत नसतं तरी मी ओळखलं असतं.

आणि पॉयरोची ती टापटीप. शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेल्या वस्तू तो सरळ करतो, हात थरथरत असतात, त्याचा मित्र हेस्टिंग्ज, जो ही गोष्ट सांगतो, तो नंतर सहज ते बोलून जातो आणि पॉयरो उठून पळतच सुटतो. कारण सकाळी त्यानेच त्या वस्तू नीट लावल्या होत्या, मग परत वाकड्या कशा झाल्या? मधे कुणीतरी हात लावलाय. एका माणसाच्या खोडीतून पुरावा निघतो, हे मला बेहद्द आवडलं.

पण ह्याच पुस्तकात तो एका निर्दोष माणसाला खटल्याला उभं राहू देतो, वाचवता येत असताना. का तर त्या नवरा-बायकोचं परत जुळावं म्हणून. फाशीची टांगती तलवार डोक्यावर ठेवून संसार सावरायचा! हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पुढेही तो हेस्टिंग्जला बिनदिक्कत अंधारात ठेवतो, म्हणजे पर्यायाने आपल्यालाच. सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचं आणि मग एकेक पत्ता उघडायचा, त्यातले दोन-तीन पत्ते आपण कधी पाहिलेलेच नसतात. लागोपाठ सात-आठ पुस्तकं वाचली की ह्याचा वैताग येतो. द बिग फोर तर मी कसंबसं संपवलं, जगावर राज्य करायला निघालेली टोळी वगैरे पॉयरोचं कामच नाही.

बढाईचं मात्र माझं मत बदललं. स्वतःच्या मेंदूचं सतत कौतुक, मिशांचं कौतुक, पाच महिने हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. मग थ्री ॲक्ट ट्रॅजेडी वाचलं. तिथे शेवटी तो सांगतो की मोडकंतोडकं इंग्रजी आणि बढाई तो मुद्दाम ठेवतो, म्हणजे इंग्रज लोक ह्याला हलक्यात घेतात आणि बेसावध होतात. बेल्जियमहून युद्धात निर्वासित होऊन आलेला माणूस, लोक आपल्याला परका म्हणून हसतात हे त्याला पक्कं कळलेलं आणि त्याने त्याचंच हत्यार केलं. हे वाचून मी मागची तीन पुस्तकं परत चाळली, आणि ज्या ज्या जागी चिडले होते तिथे समोरचा माणूस खरंच काहीतरी जास्तीचं बोलून गेलेला सापडला.

माझ्यासाठी सगळ्यात वरचं फाइव्ह लिटल पिग्ज, १९४२ चं. चित्रकाराचा खून १६ वर्षांपूर्वी झालेला, त्याची बायको शिक्षा भोगताना तुरुंगातच गेली, आता मुलगी येऊन म्हणते खरं काय ते शोधा. ठसे नाहीत, मागमूस नाही, काहीच उरलेलं नाही. पॉयरो पाच जणांकडे जातो, बसतो, ऐकतो, प्रत्येकाकडून जे आठवतं ते लिहून घेतो. तोच दिवस, तीच बाग, पण पाचही जणांची ती बाई वेगळी! इथे त्याचा तमाशा जवळजवळ नाहीच, आणि शेवट इतका गप्प करतो की मी संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलले नाही. हा ऐकून घेणारा पॉयरो मला हवा होता, तो २१ मधल्या पाच-सहा पुस्तकांत नीट भेटला.

नवीन कुणी वाचणार असेल तर क्रमाने अजिबात वाचू नका. महिन्याला एक पुरे. डेव्हिड सुशेची १९८९ ते २०१३ चाललेली मालिका छान आहे पण पुस्तकानंतर बघा, नाहीतर डोळ्यासमोर तोच येतो.

पॉयरोचं शेवटचं पुस्तक कर्टन मागच्या आठवड्यात संपवलं. ख्रिस्तीने ते दुसऱ्या महायुद्धातच लिहून बाजूला ठेवलेलं, आलं १९७५ ला. परत तेच पहिल्या पुस्तकातलं स्टाइल्सचं घर, पॉयरो व्हीलचेअरवर, आणि हेस्टिंग्जला शेवटपर्यंत पुन्हा अंधारातच ठेवलेलं. मला रागही आला आणि रडूही आलं. गठ्ठा दिवाळीला मामांना परत करायचाय, फाइव्ह लिटल पिग्ज तेवढं ठेवून घेऊ का म्हणून काल फोनवर विचारलं, तर मामा म्हणाले ते एक सोडून बाकी सगळी ठेव.