खाऱ्या हवेचं कारण सांगून माझ्या लॅपटॉपची डिस्क आणि रॅम काढून घेतली

रोख आणि ऑनलाइन मिळून ९,९०० रुपये गेले. शिवाय लॅपटॉपमधली चांगली चालती ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, आणि ४ जीबीची एक रॅम. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढून हे सगळं मीच त्या माणसाच्या हातात ठेवून आले. घरात विषय निघाला की मी उठून मागीलदारी जाते, इतकी लाज वाटते. पण परवा कळलं की आमच्या वाडीतला एक मुलगा त्याच दुकानात लॅपटॉप टाकून आला आणि त्यालाही तेच कारण सांगितलं. म्हणून आता लिहितेच.

दुकानात पार्ट बदलतात हे तुम्हाला नवीन नाही, मलाही नव्हतं. मुंबईत अकरा वर्षं मी अकाउंट्स बघत होते, बिलाशिवाय एक व्हाउचर पुढे जाऊ दिलं नाही. आता रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राला लागून चार खोल्यांचं होमस्टे चालवते. तेव्हा ‘बाईमाणूस, तिला काय कळतंय’ असं कुणी म्हणू नये.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, अशी पाटी स्क्रीनवर रोज येत होती. लॅपटॉप २०२१ चा, विंडोज ११ ला चालणारा. १२ तारखेला, रविवारी, अपग्रेड करून टाकलं. फुकट होतं, नीट पारही पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक्सेल उघडायला चार मिनिटं. माउस हलवला की बाण मागाहून यायचा. दिवाळीची सगळी बुकिंगं त्यात, पाहुण्यांचे फोन चालू, आणि मी फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसलेली.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल, त्याचा फोटो पाठव.’ मी तो पाठवला, कुठल्या ड्राइव्हमध्ये किती जागा उरली ते दाखवणाऱ्या धिस पीसीचाही पाठवला. त्याची परीक्षा होती, उत्तर आलं नाही. दोन दिवस थांबायला हवं होतं, हे आता सगळेच सांगतात. दिवाळीच्या तोंडावर चार खोल्यांचे पाहुणे ज्यांना सांभाळायचे नसतात त्यांनी हे सांगणं सोपं आहे.

१५ तारखेला एसटीने मोठ्या गावी गेले. दुकानदाराने लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढले, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘ताई, घर समुद्राजवळ का? खाऱ्या हवेने बोर्ड गंजलाय. अपग्रेडने लोड आला आणि उघडं पडलं.’ तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर हे तुम्हालाही पटलं असतं. आमच्याकडे पत्रे गंजतात, फ्रिजची मागची जाळी गंजते, खिडकीचे गज दर गणपतीला घासून रंगवावे लागतात. माझ्या रोजच्या जगण्यातली खरी गोष्ट त्याने उचलली आणि तिच्यावर खोटं रचलं. म्हणून मी फसले. कुणी बाहेरचं काही सांगितलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते.

हिशोब असा: चेकिंग ३००, बोर्ड रिपेअर ४,५००, ‘नवीन’ ५१२ जीबी एसएसडी ३,९००, विंडोज ११ चं लायसन १,२००. त्यातले २,००० ॲडव्हान्स मी फोनवरून पाठवले. लॅपटॉप घ्यायला गेल्यावर उरलेल्या ७,९०० साठी ‘नेट चालत नाही, कॅश द्या’. पक्कं बिल मागितलं तर ‘१८ टक्के वाढतील, ताई’. हे वाक्य मुंबईत कुणा व्हेंडरने उच्चारलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. इथे मात्र कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेला आकडा घेऊन गप्प बसले. तुम्ही १८ टक्के भरा, पण बिल घ्या, आणि त्यावर पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. १८ तारीख, धनत्रयोदशी. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, ‘जुनी डिस्क पूर्ण डेड होती. पण काळजी करू नका, तुमचा डेटा सगळा कॉपी करून दिलाय.’ आणि खरंच सगळा होता. पाच वर्षांची बुकिंगं, आईचे फोटो, जसेच्या तसे. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला ‘धन्यवाद दादा’ म्हटलं. पूर्ण मेलेल्या डिस्कमधून एकही फाइल न गमावता सगळा डेटा कसा आला? हा प्रश्न तिथेच, त्या काउंटरवर पडायला हवा होता. तो मला पडला महिन्याभराने. जुनी डिस्क मागितली तेव्हा ‘ती रिप्लेसमेंटला गेली’ हे उत्तरही मी ऐकून घेतलं. डेड डिस्क असो की फुटका स्क्रू, काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तो तुमचा आहे.

घरी आल्यावर सी ड्राइव्हला २३८ जीबी दिसले. फोन केला तर म्हणाला, विंडोज ११ जास्त जागा खातं. चक्क खोटं. २५६ ची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते, ५१२ ची ४७६ च्या आसपास.

नोव्हेंबरात भाचा आला. पडवीत बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली. फॅनच्या पात्यांवर आणि बोर्डाच्या कडेला आमच्या अंगणातल्या लाल मातीचा थर होता, बोट फिरवलं तर रेघ उमटेल असा. बोर्ड कधी बाहेर काढलाच नव्हता, मग ४,५०० कसले? गंजाचा डाग कुठेही नाही. रॅमचे दोन स्लॉट, त्यातला एक रिकामा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. लॅपटॉप देण्याआधी आणि परत घेताना हे दुकानातच बघा, फोटो काढा. ‘नवीन’ डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने तपासली तर आधीच ११,३२६ तास चाललेली. लायसनचे १,२०० तर निव्वळ लुबाडणूक, कारण विंडोजचं लायसन या लॅपटॉपच्या बोर्डाला आधीपासून जोडलेलं होतं.

मुळात बिघाड काय होता? माझ्याच फोनमधल्या त्या दोन फोटोंत सगळं होतं. डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. यादीत सगळ्यात वर सर्च इंडेक्सर, कारण अपग्रेडनंतर विंडोज सगळ्या फाइलींची यादी नव्याने करतं. त्याखाली अँटीव्हायरस, एक विकतचा आणि एक फुकटचा, दोन्ही एकदम. ११८ जीबीच्या सी ड्राइव्हमध्ये ६ जीबी शिल्लक, कारण जुनं विंडोज विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून होतं, आणि शेजारी डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा. रात्रभर चार्जिंगला लावून चालू ठेवला असता, एक अँटीव्हायरस काढला असता, स्टार्टअपमधली नको ती ॲप बंद केली असती, तर बहुतेक भागलं असतं. त्याने नसतं भागलं तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे १० दिवसांपर्यंत मागे जायची सोय असते. त्यासाठीच ते जुनं फोल्डर लागतं, म्हणून एवढे दिवस ते पुसू नका.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाले, ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.’ दुरुस्तीला विश्वासाने दिलेली वस्तू काढून घेतली, ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला ३१६ आणि फसवणुकीला ३१८ कलम आहे, मी प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली. ‘बिल आहे का? डिस्क तुमचीच होती कशावरून? लॅपटॉपच्या आतलं आम्ही काय बघणार?’ लॅपटॉप घेतानाचं २०२१ चं बिल दाखवलं, त्यावर ८ जीबी आणि ५१२ जीबी छापलेलं आहे. ते वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. तिसऱ्यांदा तक्रार अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. एसटीचं भाडं, बुडलेला दिवस, बाकावर दोन-दोन तास बसणं, आणि वर ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला मॅडम’. ही एवढीशी रक्कम माझ्या तीन खोल्यांचं दिवाळीतल्या एका रात्रीचं भाडं आहे. असे दहा लोक ‘एवढ्याशासाठी कशाला’ म्हणून घरी बसतात, त्यावरच त्याचं दुकान चालतं.

ठाण्यात नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. मी स्पीड पोस्टने कळवलं, पावती जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगाची तक्रारही तयार केली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. ७,९०० रोख दिल्याचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही. ते २,००० फोनवरून गेले तेवढेच कागदावर आहेत.

पैशांपेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. त्या जुन्या डिस्कवर आमच्या पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो होते आणि ती आज कुणाच्या हातात आहे मला माहीत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायची सोय, असेल तर लॅपटॉप बाहेर देण्याआधी चालू करा आणि त्याची रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवा. मी केलं नव्हतं. आता पाहुण्यांकडून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घेते. जुन्या पाहुण्यांना एकेक करून फोन करते आहे, त्यांच्या आधारची प्रत बाहेर गेली असू शकते हे सांगून माफी मागते आहे. काल संध्याकाळपर्यंत ६४ जणांना सांगून झालं. अजून ११८ बाकी आहेत.