टीमक्स : आठ महिने वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी मी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. हळदीचे सौदे, वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीची बिलं), सगळं एका भाड्याच्या सर्व्हरवर. काम विश्रामबागेतल्या घरून. मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच सरीला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर बंद पडला. त्यावेळी जुन्या पट्ट्या नव्या टेबलात हलवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सर्व्हरवर चालू होती. एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटली आणि स्क्रिप्टही मेली. निम्म्या पट्ट्या इकडे, निम्म्या तिकडे. रात्री दोनपर्यंत ताळा जुळवत बसलो.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, गेलं की त्यातल्या प्रोग्रामला 'हँगअप' सिग्नल जातो. नाव मोडेमच्या काळातलं, म्हणजे फोन ठेवला. टीमक्स हा प्रोग्राम सर्व्हरवरच स्वतःचं टर्मिनल धरून बसतो, त्यामुळे आपली लाईन तुटली तरी आतलं काम चालूच राहतं. २००७ पासूनचं हे साधन मी इतकी वर्षं हाताळलंच नव्हतं, याची खरंच हळहळ वाटते.

आता प्रत्येक अडत्याच्या नावाचं वेगळं सेशन, म्हणजे टीमक्सने धरून ठेवलेला खिडक्यांचा संच. संध्याकाळी कंट्रोल-बी, मग डी दाबलं की मोकळा. सकाळी 'टीमक्स अटॅच' केलं की डावीकडे कोड, उजवीकडे लॉग, कर्सर काल सोडला त्याच ओळीवर. रोज सकाळी खिडक्या मांडण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटं वाचली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काल काय डोक्यात होतं ते लगेच आठवतं. मिरजेचा सहकारी त्याच सेशनला जोडून घेतो आणि आम्ही फोनवर बोलत एकच स्क्रीन बघतो.

त्रासही आहे. टीमक्सच्या प्रत्येक आज्ञेआधी कंट्रोल-बी दाबावं लागतं, पण तेच विम या एडिटरमध्ये पान मागे नेतं, म्हणून मी टीमक्सची ती की कंट्रोल-ए केली. मग शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करताना, त्याच कीने ओळीच्या सुरुवातीला जायची सवय मोडली. वर सरकून गेलेल्या मजकुराच्या मुळात फक्त २००० ओळी राहतात, ती मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवून घ्या. माऊसने कॉपी करणं महिनाभर जमलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा लाईट गेली, स्क्रिप्ट चालू असतानाच. चहा टाकला. वीस मिनिटांनी जोडलो तर पट्ट्या शेवटपर्यंत भरून झाल्या होत्या. अर्थात सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर टीमक्सचं सेशनही जातं. म्हणून ती स्क्रिप्ट आता मी ट्रान्झॅक्शनमध्ये घातली आहे: भरल्या तर सगळ्या पट्ट्या, नाहीतर एकही नाही.