पायली की तोळा: बंदुकीची काळी दारू मापाने घ्यावी की वजनाने?

भाचा टेक्सासला असतो. त्याने जुन्या धाटणीची ४५-७० रायफल घेतली आहे आणि तिची काडतुसं आता स्वतःच भरायची म्हणतोय. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. "मामा, तुम्ही जन्मभर काटेच दुरुस्त केलेत. दारू मोजायला कुठला काटा घेऊ तेवढं सांगा." वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं सोनारांचे नि औषध कंपन्यांचे काटे उघडून बसलो, तेव्हा प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. उत्तर मात्र त्याला आवडलं नाही. काळ्या दारूसाठी, म्हणजे बंदुकीच्या जुन्या, धुराच्या दारूसाठी, आधी माप घ्यायचं, काटा नंतर.

पुढचं सगळं तिथलं आहे, जिथे घरी काडतूस भरणं कायद्यात बसतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगायचा परवाना असतो, तो हा नव्हे. ठाण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत करून बघायचा हा उद्योग नाही.

माझं आजोळ घणसोलीचं. सिडको यायच्या आधी तिथे भातशेती होती आणि आजीकडे लाकडी पायली होती. भात पायलीने, सोनं तोळ्याने, यात कुणाला गोंधळ वाटत नसे. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर कोंडा यांचं वजन सारखं भरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. भाच्याला मी एवढंच सांगितलं: काळी दारू म्हणजे तांदूळ धर, तिच्या जागी वापरायची हलकी पर्यायी दारू म्हणजे कोंडा. आता काट्यावर दोन्ही सत्तर-सत्तर तोलून बघ, कुठली पायली उतू जाते ते.

सत्तर कसले, तर ग्रेनचे. ४५-७० या नावात पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, इंचाचे शंभरांश, दुसरा दारूचा. अमेरिकी सैन्याने १८७३ साली हे काडतूस घेतलं तेव्हा त्यात ७० ग्रेन काळी दारू ठासलेली असे. ग्रेन आपल्याला परका नाही. इंग्रजांनी तोळा ठरवला तोच १८० ग्रेनचा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. ७० ग्रेन म्हणजे पावणेपाच माशांना जरासे कमी, साडेचार ग्रॅमच्या आसपास. ग्रेन आणि ग्रॅम हे शब्द कानाला जवळचे असले तरी एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन बसतात. तिकडच्या काट्यांवर दोन्ही एकके असतात आणि बटण चुकून दाबलं जातं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या काट्यांना काही झालेलंच नसायचं, एकक बदललेलं असायचं.

तर माप आणि वजन, समोरासमोर.

काळी दारू ही मुळात मापाची वस्तू. ती कशी जळणार हे दाण्याच्या आकारावर बरंच ठरतं. म्हणून डब्यावर एक एफ, दोन एफ, तीन एफ अशी प्रत लिहिलेली असते. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक आणि जळण वेगवान. पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, गोळीच्या खाली रिकामी जागा ठेवायची नाही, हा तिचा पहिला नियम. पोकळी राहिली तर नळीला इजा होऊ शकते. म्हणून दारू गोळीच्या बुडापर्यंत भरायची आणि थोडी दाबायची. इथे पुंगळीचं पोट हीच मर्यादा झाली. ७० च्या जागी ७१ ग्रेन पडले तर काळ्या दारूला त्याचं विशेष काही वाटत नाही. एका ग्रेनचाही दशांश दाखवणारा काटा इथे थोडा वायाच जातो. (आजच्या जाड बुडाच्या पुंगळ्यांत जुन्यांपेक्षा जागा कमी असते, त्यामुळे पूर्ण ७० बसवायला दाबावं लागतं. लांब नळीचं नरसाळं लावून सावकाश ओतली की दाणे बसतात आणि तेवढ्याच पुंगळीत जास्त दारू मावते.)

पर्यायी दारूंपैकी पायरोडेक्स सगळ्यात जुनी आणि ओळखीची. १९७० च्या दशकात डॅन पावलाक यांनी ती काढली. १९७७ मध्ये कारखान्यातल्या स्फोटात तेच गेले. तिची आखणीच अशी केली आहे की काळ्या दारूच्या मापानेच घ्यायची. माप सारखं, धक्का साधारण सारखा, पण वजन सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जरा कमी. काट्याची चूक इथेच होते. कुणी ७० ग्रेन पायरोडेक्स वजनाने घेतलं तर ते सत्तरच्या मापात, म्हणजे ७० ग्रेन काळी दारू मावते त्या मापात, मावणारच नाही. ते कोंबायच्या फंदात पडलेला माणूस ठरलेल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त दारू भरून बसेल. काटा बरोबर आहे, आकडा बरोबर आहे, आणि बार चुकलेला आहे. आयुष्यात मला याहून अवघड तक्रार कुणी आणून दिली नाही.

ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू आणखी वेगळी. तिच्यात गंधक नाही, साध्या पाण्याने बंदूक धुतली जाते, म्हणून लोकांना आवडते. पण ती जास्त जोरकस. काळ्या दारूइतकाच वेग हवा तर मापसुद्धा १५ टक्क्यांनी कमी करायचं, म्हणजे सत्तरच्या जागी साधारण साठचं माप. आता साठ भरलं की वर जागा उरते. तिचं काय करायचं, दारू किती दाबायची, हे उत्पादकाच्या काडतुसांसाठीच्या तक्त्यात बघायचं. ठासणीच्या बंदुकीचा तक्ता बघून काडतूस भरायचं नाही. दोन्ही तक्ते एकाच कंपनीचे असले तरी.

बिनधुराची आधुनिक दारू या तुलनेतच बसत नाही. ती अतिशय जोरकस असते, एवढ्या मोठ्या पुंगळीच्या तळाशी थोडीशीच लागते, आणि दोनदा पडली तरी वरून कळत नाही. तिथे मापाची बरोबरी कसली? छापील तक्ता आणि वजन, बस. भाच्याला मी म्हटलं, "तो डबा त्या टेबलावर दिसला तर मी फोन ठेवतो."

म्हणजे काटा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण साक्षीदार म्हणून. मापाने दहा वेळा दारू ओतायची आणि दहाही वेळा तोलायची. वजनं एकमेकांच्या जवळ आली तर हात स्थिर आहे. मापाचा सगळा दोष हातात असतो, हे आजीच्या पायलीनेच शिकवलं. विकत घेताना व्यापारी दाबून भरायचा, विकताना सैल सोडायचा, आणि शीग लावायची की काठाशी सपाट करायचं यावर भांडणं व्हायची. दारूला शीग नको. दर वेळी तीच उंची, तितक्याच टिचक्या, मग काठाशी सपाट.

काट्यांत मी दांडीचा निवडीन. त्याला वीज नको, गरम व्हायला वेळ नको, आणि चुकला तर उघड चुकतो. खिशातले स्वस्त डिजिटल काटे ०.०१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.१५ ग्रेन दाखवतात, आणि या कामाला तेवढं पुष्कळ आहे. पण त्यांची एक खोड आहे: शून्याजवळ दाणा दाणा टाकत गेलात तर काटा ते शून्यच समजून गिळून टाकतो. त्याला प्रत्येक वेळी पुरतं उचलून ठेवायचं वजन कळतं, चिमटीचं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्याचं नावही काढू नये, त्याची एक पायरी एक ग्रॅमची, म्हणजे पंधरा ग्रेनची उडी. कुठलाही घेतला तरी शेजारी एक खात्रीचं प्रमाण-वजन पाहिजे. आपल्याकडे दुकानातल्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का मारून घ्यावा लागतो. घरच्या काट्याला शिक्का मारायला कुणी येत नाही.

मापांत तीन प्रकार समोर येतात. ठरलेल्या मापाची पळी सगळ्यात स्वस्त आणि नवख्याला सगळ्यात बरी, कारण तिच्यात बदलण्यासारखं काही नाही. सरकत्या दांड्याचं पितळी माप सोयीचं, पण दांडा कुठल्या रेघेवर आहे हे दर वेळी बघावं लागतं. टेबलाला लावायचं, फिरत्या दांड्याचं यंत्र वेग देतं. ते घ्यायचं तर खास काळ्या दारूसाठी बनवलेलं. बिनधुराच्या दारूच्या यंत्राला प्लास्टिकची टाकी असते आणि प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. काळ्या दारूला ठिणगी पुरते, भले दाण्यांवर ग्रॅफाइटचा थर असो. माझं मत विचाराल तर महिन्याला पन्नास काडतुसं भरणाऱ्याला यंत्र कशाला?

भाच्याची ऑर्डर शेवटी अशी गेली: सत्तरची एक पळी, एक दांडीचा काटा, एक १० ग्रॅमचं प्रमाण-वजन. दारू दोन एफ प्रतीची काळीच. पर्याय पुढे बघू म्हणाला. एका वेळी टेबलावर एकच डबा, आणि त्यातली थोडीच बाहेर काढून डबा बंद, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

काल त्याने टेबलाचा फोटो पाठवला. सगळं जागच्या जागी, काटा मधोमध. बरोबर डोक्यावर छताचा पंखा, पात्यांचं गोल वर्तुळ दिसतंय, म्हणजे फिरतोय. जांभळी नाक्यावरचा सोनार उगाच काचेच्या पेटीत काटा ठेवत नाही. मी उलट निरोप टाकला: पंखा बंद कर आणि शून्य पुन्हा बघ.