हॉस्टेलच्या खोलीसाठी इलेक्ट्रिक केटल: कोणती घ्यावी, कशी टिकवावी

हॉस्टेलच्या खोलीत केटल ठेवायची असेल तर १ लिटरची, १००० वॅटच्या आसपासची, आतून अखंड स्टीलची आणि बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली डबल वॉल केटल घ्या. दुकानात सहसा पुढे केली जाते ती दीड किंवा १.८ लिटरची, १५०० वॅटची, एकपदरी चकचकीत स्टीलची. स्वयंपाकघरात ती छानच चालते. पण खोलीत टेबल एकच असतं. त्यावर लॅपटॉप, पुस्तकं आणि दोघातिघांचे चार्जर असतात, सॉकेट मोजकी असतात आणि त्यामागची वायरिंग कधीची आहे हे कुणालाच माहीत नसतं. तिथे निवडीचे निकष बदलतात.

आधी वॅटचं बघू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे साधारण ०.०९ युनिट. केटल कोणतीही असो, एवढं लागतंच. फरक पडतो तो वेळेत. वाया जाणारी उष्णता धरून १५०० वॅटची केटल जवळपास ४ मिनिटं घेते, १००० वॅटची ६ आणि ६०० वॅटची १०. 'जास्त वॅट म्हणजे जास्त बिल' हा समज चुकीचा आहे. ६०० वॅटची केटल जास्त वेळ तापत राहते, तेवढ्या वेळात बाहेर जास्त उष्णता घालवते आणि वीज कणभर जास्तच खाते. म्हणजे कमी वॅटची केटल घ्यायची ती बिल वाचवायला नव्हे, सॉकेट वाचवायला.

२३० व्होल्टवर १५०० वॅटची केटल ६.५ अँपिअर ओढते. टेबलाजवळचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असेल तर केटल पहिल्या दिवसापासून त्याच्या मर्यादेबाहेर चालते. लगेच काही होत नाही, म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. पण वर्षानुवर्षं पिना घालून-काढून सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. सैल जोडणीत समजा अर्धा ओहम रोध तयार झाला, तर ६.५ अँपिअरला त्या एका बिंदूवर २१ वॅट उष्णता निघते. एवढ्या उष्णतेवर छोटा सोल्डरिंग आयर्न चालतो. पुढे सॉकेटभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि जळकट, माशासारखा वास येऊ लागतो. तोच रोध १००० वॅटच्या केटलला, म्हणजे ४.३ अँपिअरला, साडेनऊ वॅटच्या आत राहतो. वॅट एक तृतीयांशाने कमी केले की जोडणीतली उष्णता निम्म्याहून खाली येते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. दोन मिनिटं जास्त थांबण्याचा मोबदला म्हणून हे भरपूर आहे.

तपासायची रीत सोपी आहे. केटल एकदा पूर्ण उकळू द्या, बंद झाल्यावर प्लग काढा आणि पिनांच्या मागचा प्लॅस्टिकचा भाग बोटांनी चाचपा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेवता येत नसेल इतका गरम असेल तर दोष बहुधा केटलचा नसून सॉकेटचा आहे. दुसरं सॉकेट वापरा आणि हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियनकडून पहिलं बदलून घ्या.

एक्स्टेंशन बोर्डावर केटल लावू नये, हे सगळे ऐकतात आणि मग सगळे लावतात. लावायचीच वेळ आली तर निदान बोर्डाची वायर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे का ते तिच्यावरचं छापील अक्षर वाचून बघा. स्वस्त बोर्डांत ०.७५ किंवा त्याहून बारीक वायर असते आणि तीही काही वेळा तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. वायर गुंडाळलेली ठेवू नका. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ होतं. त्याच बोर्डावर केटल आणि इस्त्री एकत्र तर कधीच नको.

परीक्षेच्या रात्री मजल्यावरची वीज जाते त्याचं कारणही यातच आहे. समजा चार-पाच खोल्या मिळून १६ अँपिअरचा एक एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आहे. १५०० वॅटच्या तीन केटल एकदम लागल्या की भार साडेएकोणीस अँपिअर होतो. एवढ्या जादा भाराला एमसीबी ताबडतोब पडत नाही. आतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो आणि तोवर वायर तापत राहते. चौथी केटल लागली की भार २६ अँपिअर होतो आणि तो पडतो. पडल्यावर लगेच वर ढकलला तर पुन्हा पडेल, कारण पट्टी अजून गरम असते. आधी सगळ्या केटल बंद करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मग चढवा. घाबरून पाचदा वर-खाली करण्याने काहीच साधत नाही.

आता भांड्याकडे. डबल वॉलचा खरा फायदा पाणी जास्त वेळ गरम राहतं हा नाही, तो दुय्यम आहे. एकपदरी स्टीलची केटल उकळल्यावर बाहेरून जवळजवळ शंभर अंशांवर असते. अरुंद टेबलावर कोपर लागतं, शेजारी चार्जरची वायर टेकलेली असते, अंधारात कुणी तरी हात घालतं. डबल वॉलची बाहेरची बाजू हात लावण्याइतपतच गरम होते. तिच्यात तोटा एकच: दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी शिरलं तर ते लवकर सुकत नाही. म्हणून ती नळाखाली धरून बाहेरून धुवायची नाही, बादलीत बुडवायची तर मुळीच नाही. आतून विसळायची, बाहेरून ओल्या फडक्याने पुसायची.

'आतून अखंड स्टील' हे खात्री करून घ्या. काही मॉडेलमध्ये भिंत स्टीलची आणि तळाशी किंवा झाकणाला प्लॅस्टिकची कडी असते. पाण्याच्या पातळीची पारदर्शक पट्टी असली तर तिथेही प्लॅस्टिकचा जोड आला आणि गळती तिथूनच सुरू होते. खोलीपुरती केटल घेताना पट्टीऐवजी आतल्या बाजूला ठोकलेल्या खुणा पुरेशा असतात. स्टील ३०४ प्रतीचं आहे की नाही हे बघायला लोक चुंबक लावतात. त्या चाचणीचा फारसा उपयोग नाही: ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण कमी निकेलच्या २०२ लाही चिकटत नाही. तळावर किंवा खोक्यावर ३०४ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबावं, नसेल तर २०२ धरून चालावं. नुसत्या पाण्यासाठी तेही चालतं, मीठ-मसाला उकळायचा असेल तर डाग लवकर पडतात.

तोंड रुंद हवं, किमान हात आत जाऊन तळ चोळता येईल इतकं. झाकण पूर्ण उघडणारं हवं. वायर आखूड असते म्हणून तक्रार करू नका. ती मुद्दाम आखूड ठेवतात, कारण टेबलावरून लोंबणारी वायर पायात अडकली तर उकळतं पाणी अंगावर येतं. ती केटल पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवण्यासाठी नाहीच.

केटल आपोआप कशी बंद होते हे नीट समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी मिटतात. पाण्याचं तापमान मोजणारं तिथे काही नसतं. पाणी उकळलं की वाफ भांड्याच्या वरच्या बाजूच्या एका छोट्या भोकातून आत शिरते, मुठीतल्या वाटेने खाली उतरते आणि स्विचजवळच्या द्विधातूच्या चकतीवर आदळते. चकती टक् करून पलटते आणि खटका पडतो. म्हणून झाकण उघडं राहिलं तर केटल बंद होत नाही. वाफ मुठीत जाण्याऐवजी खोलीत जाते. 'ऑटो कट बिघडला' अशी तक्रार आली की आधी झाकण नीट बसतंय का ते बघावं आणि मग ते भोक बुजलंय का ते. दुसरी सुरक्षा तळाच्या प्लेटखाली असते. पाणी नसताना केटल चालू झाली तर प्लेट एकदम तापते आणि तिथली चकती वीज तोडते. मग केटल काही वेळ चालूच होत नाही. ती मेलेली नसते. बेसवरून उचलून दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि मग थंड पाणी भरा. तापलेल्या कोरड्या प्लेटवर लगेच पाणी ओतू नका, तिथला जोड त्यानेच चिरतो.

वरच्या खुणेबाहेर भरलं तर उकळताना पाणी चोचीतून उसळतं आणि बेसवर सांडतं. बेसच्या मधल्या जोडणीत पाणी गेलं की गळतीचा करंट पकडणारा ब्रेकर पडतो, किंवा ब्रेकर नसेल तर चट्चट् आवाज येऊन तिथे काळे डाग पडतात. बेस ओला झाला असेल तर प्लग काढून तो उलटा ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका.

दूध आणि नूडल्स. साध्या केटलमध्ये दोन्ही करू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि ते सफाईच्या कंटाळ्यामुळे नाही. दुधातली प्रथिनं तापलेल्या प्लेटला चिकटतात आणि करपतात. तो थर उष्णता अडवतो, खालची प्लेट जास्त तापते आणि तळाची सुरक्षा मध्येच वीज तोडते. दूध अर्धवट गरम आणि केटल बंद, हा प्रकार तिथूनच येतो. शिवाय दूध उतू जातं ते वाफ येण्याच्या आधी, म्हणजे खटका पडायच्या आतच फेस वर आलेला असतो. तो फेस वाफेच्या भोकात शिरून वाळतो, आणि मग साधं पाणीही वेळेवर बंद होत नाही. नूडल्सचं तसंच: पिठूळ पाण्याचा फेस, वर तेल आणि मीठ. मिठातलं क्लोराइड स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, विशेषतः पाणी रात्रभर तसंच राहिलं तर. नूडल्स खायच्या असतील तर पाणी केटलमध्ये उकळा, झाकणाच्या डब्यात नूडल्सवर ओता आणि ५ ते ७ मिनिटं झाकून ठेवा. खरोखर शिजवायचंच असेल तर खटक्याऐवजी कमी-जास्त उष्णतेचं बटण असलेलं रुंद इलेक्ट्रिक भांडं वेगळं मिळतं, ते घ्या. त्याचा आतला भाग शिजवण्यासाठीच केलेला असतो.

क्षारांचा पांढरा थर हा दोष नाही, जड पाण्याचा परिणाम आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन तळाला बसतं. कधी तपकिरी ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा पाण्यातल्या लोहाचे असतात, गंज नव्हे. काढायला १ लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, सायट्रिक ॲसिड टाका. पाणी आधी गरम करून, उकळी ओसरल्यावर ॲसिड घाला आणि अर्धा तास ठेवा. ॲसिड घालून खळखळ उकळू नका: कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि एका थराच्या जागी दुसरा बसतो. थर जाड असेल तर फेस खूप येतो, तेव्हा केटल अर्धीच भरा. सायट्रिक ॲसिड नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण वासासाठी नंतर दोनदा पाणी उकळून फेकावं लागतं. तारेची घासणी आत कधी घालू नका. ओरखड्यांत क्षार अधिक घट्ट बसतात. रात्री उरलेलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवलं तर थर धरायला जास्त दिवस लागतात.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. काचेची केटल दिसायला सुंदर आणि क्षार लगेच दिसतात, पण दोन-तीन जणांच्या खोलीत ती टिकणं कठीण. पूर्ण प्लॅस्टिकची हलकी आणि स्वस्त, मात्र नवी असताना तीन-चार वेळा पूर्ण भरून उकळून पाणी फेकावं, तरी वास राहिला तर परत करावी. घडी होणारी सिलिकॉनची केटल प्रवासाला चांगली. तिच्या बुडाशी ११० आणि २२० व्होल्टचा सरकता स्विच असेल तर तो आधी तपासा. ११० वर ठेवून २२० ला लावली तर वॅट चौपट होतात आणि ती त्याच दिवशी जळते. उलट झालं तर पाणी चौपट वेळ घेतं, एवढंच. पाण्यात सोडायचा हीटर रॉड मात्र घेऊच नका. साध्या रॉडला आपोआप बंद होण्याची सोय नसते, आणि हात आधी पाण्यात व प्लग नंतर बंद ही चूक जिवावर बेतते. बऱ्याच हॉस्टेलांत केटलला परवानगी असून रॉडला नसते, ते योग्यच आहे. केटललाही काही ठिकाणी खोलीत मनाई आणि पँट्रीत परवानगी असते; विकत घेण्याआधी नियमावली बघा किंवा वॉर्डनना विचारा, जप्त झालेली वस्तू सत्र संपेपर्यंत परत मिळेलच असं नाही.

वर्ष संपताना सीनियर मंडळी केटल विकून जातात आणि ती घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्यासमोरच चालवून बघा. अर्धा लिटर पाणी भरून झाकण लावा आणि उकळी फुटल्यापासून खटका पडेपर्यंतचा वेळ मोजा. अर्ध्या मिनिटाच्या आत पडला पाहिजे. मग केटल उचलून बेसच्या मधल्या खोबणीत आणि केटलच्या बुडाशी काळे डाग आहेत का बघा. वायर प्लगपाशी वाकवून आवरण चिरलंय का ते तपासा. शेवटी तळ टिश्यूपेपरवर १० मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर ती केटल फुकट मिळाली तरी घेऊ नका, कारण तळाचा जोड सुटलेला असतो आणि तो दुरुस्त होत नाही.