आठ महिने बातम्यांचं पथ्य पाळलं, त्याचा अनुभव (कापसाच्या पट्ट्यातून)

पारोळ्याला आपलं खत-बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे बातम्या शोधायला जावं लागत नाही, त्याच दिवसभर काउंटरवर येऊन बसतात. मागच्या जुलैत मी फॅमिली ग्रुपवर एका नेत्याची १४ सेकंदांची क्लिप टाकली, शेतकऱ्यांना वाट्टेल ते बोलतोय अशी. दहा मिनिटांत आतेभावाने पूर्ण भाषण टाकलं आणि खाली एक ओळ, "भो, पुढलं बी ऐकी ले." पुढे तो नेता सांगत होता की आमचे विरोधक असं असं बोलतात! म्हणजे वाक्य दुसऱ्याचं, शिव्या याला, आणि वाटणारा मी. सगळ्या नातेवाईकांत शोभा झाली.

तेव्हाच ठरवलं की थोडं पथ्य पाळून बघू. न्यूज ॲपच्या सगळ्या नोटिफिकेशन बंद, यूट्यूबची हिस्टरी साफ, आणि दोन मराठी पेपर रोज वाचायचे, एक आपल्या मताचा आणि एक डोकं फिरवणारा. दुसरा ई-पेपर पैसे भरून घेतला, बायको म्हणाली भांडण विकत आणलं. जोडीला केंद्र सरकारच्या पीआयबीचं (पत्र सूचना कार्यालय, सरकारी निवेदनं काढणारं खातं) मराठी पान.

यूट्यूबचं आधी सांगतो, फेल. हिस्टरी पुसल्यावर चार दिवस छान गेले, मग एका रात्री वीस मिनिटं डिबेट बघितली आणि सकाळी पुन्हा तेच लाल बाण, तेच रडके-चिडके चेहरे. आता तिथे बातम्या बघतच नाही, स्प्रे पंपाचे व्हिडिओ बघतो.

खरा उपयोग झाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसाच्या वेळी. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्त आणि आमच्या भावाला धोका. एका पेपरात सूत गिरण्यांना दिलासा, अमेरिकेच्या टॅरिफवर उपाय वगैरे, शेतकरी शेवटच्या परिच्छेदात. दुसऱ्यात शेतकरी मेलाच, आणि गिरणीवाल्याला एक ओळसुद्धा नाही. दोघांनी खोटं काहीच छापलेलं नव्हतं बरं का! फोन कोणाला लावला एवढाच फरक. तेव्हापासून मी बातमीत आधी हेच बघतो, बोललंय कोण आणि कोणाला विचारलंच नाही.

दुकानात त्या दिवशी नुसता दंगा. पण आमच्याकडे कोरडवाहूची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरअखेर संपणारी सूट तशी आमच्या मालाच्या आधीच संपत होती. मग २८ ऑगस्टला ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि खरा दणका हा होता, ऐन माल बाजारात यायच्या वेळेचा. यावर दोन्ही पेपरांत आधीच्या निम्मीसुद्धा जागा नव्हती, कारण भांडण शिळं झालेलं. मला तारीख पीआयबीवर सापडली, चार ओळींची नोट. ती प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली, शेजारी त्या हंगामाचा क्विंटलचा हमीभाव लिहिला, मध्यम धाग्याला ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११०. त्यानंतर भांडण कमी आणि सीसीआयची (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) नोंदणी कशी करायची हे जास्त विचारायला लागले लोक.

पीआयबीचं एक लक्षात ठेवा, ते सरकारचं तोंड आहे. तारीख, आकडा, नियम यासाठी एक नंबर, पण निर्णय चुकला हे तिथे कधी वाचायला मिळणार नाही. त्यांचं फॅक्ट चेक २०१९ पासून आहे, तेही केंद्र सरकारबद्दलच्या दाव्यांपुरतं. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायचा प्रकार. केंद्राने आयटी नियमांत फॅक्ट चेक युनिटची तरतूद आणली होती, तो नियम मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये रद्द केला, ते मला बरंच वाटलं. नवीन कायद्याचं काही असेल तर पीआरएस या विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची साइट बघतो, विधेयक मुळातून मिळतं, पण भाषा जड, दोन पानांत झोप येते.

सगळ्यात मोठी तक्रार गावपातळीची. दिल्लीच्या बातमीला दहा सोर्स, आमच्या नगरपरिषदांना एकही धड नाही. डिसेंबरमध्ये मतदान २ तारखेला आणि मोजणी थेट २१ ला, हे मधले १९ दिवस लोकल पोर्टलवाल्यांनी नुसत्या अफवांवर काढले. त्याआधी प्रचारात तर एकाच उमेदवाराची तीच बातमी तीन पोर्टलवर, कानामात्रासकट सेम, एकाने तर खालचा मोबाईल नंबरही काढला नव्हता. पॅकेज म्हणतात त्याला, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, सगळ्यांना माहीत असतं. याच्यावर माझ्याकडे इलाज नाही, मी शेवटी वॉर्डातल्या नळवाल्याला विचारतो.

आणि माझं स्वतःचं, विरुद्ध बाजूचा पेपर वाचून मत बदललं का? नाही बदललं. फॉरवर्ड करायचा हात मात्र थांबतो, आधी पूर्ण व्हिडिओ शोधतो, नाही सापडला तर सोडून देतो. वेळ जातो रोज अर्धा तास, सीझनमध्ये तोही जमत नाही, जून-जुलैत हे पथ्य टिकेल असं वाटत नाही.

ई-पेपरचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. आपल्या मताचा पेपर बंद करतोय, तो तसाही सकाळी सातच्या आत तीन ग्रुपवर फुकट येतो. डोकं फिरवणारा चालू ठेवतोय, आणि आतेभावाला म्हटलंय अर्धे पैसे तू दे.