भोकं जुळवली की गोष्ट विस्कटायची

कॉलेजात असताना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची, चित्रं पहिल्यांदा पाहिली आणि नाद लागला तो लागलाच. एका बाजूनं दिसणारे चेहरे, त्यात मावता न मावणारे डोळे, रथ, राक्षस. पुढे बँकेत चिकटलो, पण चार दिवस सुट्टी मिळाली की कुडाळजवळच्या पिंगुळीला जायचो. तिथल्या ठाकर समाजातल्या कलाकारांकडून नवी चित्रं घ्यायचो, त्यांच्या ओसरीवर बसून गोष्टी ऐकायचो. निवृत्त झालो तेव्हा जो तो म्हणायला लागला, एवढं कळतंय तर धंदाच का करत नाही? मलाही वाटलं, कळतंय की आपल्याला.

पहिलं वर्ष बरं गेलं. नवी चित्रं, नव्या चित्रांची किंमत, पाठीमागे कलाकाराचं नाव. नफा थोडा, पण झोप लागायची.

मग तो आला. पस्तिशीचा, बोलायला गोड, पहिल्या भेटीपासून ‘काका’. आधी त्यानं दोन जुनी चित्रं आणली. ती खरी होती, किंमतही वाजवी. आता कळतं, ते गळाला लावलेलं आमिष होतं. तिसऱ्या खेपेला म्हणाला, तळकोकणातल्या एका वाड्यात अख्खी पोथी निघाली आहे, दीडशे वर्षांची.

चित्रकथीची पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. सुट्या पानांची चळत असते, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीनं गोष्ट सांगत एकेक पान लोकांसमोर धरायचं. अशी अख्खी पोथी बाजारात येत नाही. मी ती हातात घेतली आणि माझ्यातला दुकानदार तिथेच संपला, संग्रहालयातला तो पोरगा तेवढा उरला.

तरी मी अगदीच भोळा नव्हतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणली होती. कागदाला पांढरा करणारी आधुनिक रसायनं असली की तो त्या उजेडात निळसर चमकतो, हे वाचून ठेवलेलं. हा कागद चमकला नाही. मी खूश!

“कुणाला दाखवू नका मात्र,” तो म्हणाला. “शंभर वर्षांवरची वस्तू. पुरातत्त्ववाल्यांना कळलं तर जप्त करतील.” १९७२ चा पुरावशेष कायदा आहे हे खरं. शंभर वर्षांहून जुनी चित्रं घरात बाळगणं गुन्हा नाही, पण त्यांची नोंदणी करावी लागते आणि व्यापार करायचा तर परवाना. माझ्याकडे परवाना नव्हता. म्हणजे चूक माझीही होती, आणि ती त्यानं बरोबर ओळखली होती. कायद्याच्या धाकानं मी एकाही जाणकाराला पोथी दाखवली नाही. त्याला तेवढंच हवं होतं.

४२ चित्रं, चित्राला १०,००० रुपये. एकूण ४,२०,०००. आकडा ओरडून सांगत होता, मला ऐकू आलं नाही. बिल मात्र ६०,००० चं, त्यावर ‘शोभेची चित्रे, पारंपरिक शैली, ४२ नग’. बाकीचे रोख. “जुनं असं लिहिलं तर तुम्हीच अडकाल काका.” आयुष्यभर काउंटरवर लोकांना पावती जपून ठेवा म्हणून सांगणारा मी, मान डोलावली.

चार महिन्यांनी एक पान कडेला उकललं म्हणून जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, बघा. किडीनं पाडलेलं भोक होतं, आणि त्याच्या कडेवरून लाल रंग आत उतरला होता. रंग आधी लागला असता आणि कीड नंतर लागली असती, तर भोकाची कड कोरी राहिली असती. म्हणजे आधी भोक, मग चित्र. भोकातून पलीकडचा उजेडही दिसत नव्हता, मागच्या पानाची कोरी पाठ आड येत होती.

“सगळी पोथी आणा,” त्या म्हणाल्या. गोष्टीच्या क्रमानं पानं लावली तर भोकं एकाखाली एक येत नव्हती. भोकं जुळवली की गोष्ट विस्कटायची, रावण आधी मरायचा आणि सीताहरण नंतर. कुठल्यातरी जुन्या हिशेबाच्या चोपडीतली कोरी पानं होती ती. कागद खरोखर जुना, म्हणून माझी टॉर्च पास. कडा चहाच्या पाण्यानं सारख्या काळवंडवलेल्या. वापरातली पोथी अशी सारखी मळत नाही, पान धरतात तिथे बोटांचे डाग पडतात. हे मला ठाऊक होतं. ओसरीवर बसून पाहिलं होतं मी ते.

पोलिसांत गेलो. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम पाठ करूनच गेलो होतो. साहेबांनी बिल वाचलं, परत वाचलं. “काका, शोभेची चित्रं लिहिलंय. मिळाली ना शोभेची चित्रं?” रोख दिलेल्या ३,६०,००० चं काय, हे मी विचारलंच नाही. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

चीड एका गोष्टीची जास्त येते. ती चित्रं काढणारा हात चांगला आहे, फार चांगला. नवी म्हणून समोर आली असती तरी मी घेतली असती, योग्य पैसे देऊन, खाली त्याचं नाव लिहून. त्याला त्या दलालानं किती टिकवले असतील कोण जाणे.

आता कुणी जुना माल घेऊन आला की मी एवढंच म्हणतो, बिलावर वय लिहा, पूर्ण रक्कम लिहा, आणि आठ दिवस वस्तू माझ्या माहितगाराकडे ठेवा. दोघांनी चहासुद्धा न घेता पिशवी उचलली. परवाना काढेपर्यंत तसंही मी फक्त नवी चित्रंच विकतो.

एका गिऱ्हाइकानं ती पोथी मागितली होती, ‘जुनीच वाटते’ म्हणून. दिली नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ‘नवीन’ लिहून ती कपाटात ठेवली आहे. आमच्या पोरांना यातलं काही कळत नाही, माझ्यामागे दीडशे वर्षांची म्हणून विकून बसतील.