बोट टोचावे की सेन्सर लावावा? मधुमेहातील दोन चाचण्यांची तुलना

मधुमेह असलेल्या व्यक्तीने ग्लुकोमीटरवर भागवावे की दंडावर सेन्सर लावून घ्यावा, हे ठरवताना दोहोंपैकी अधिक अचूक कोणते, याचीच चौकशी आधी होते. माझ्या मते त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आकडा कळल्यानंतर पुढच्या काही तासांत उपचारात काही फेरफार करण्याची मुभा तुम्हाला आहे का? जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्याला डोस कमी-जास्त करावा लागतो, त्यामुळे प्रत्येक आकडा त्याच्या उपयोगी पडतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला मात्र आकडा पाहून गोळी बदलता येत नाही आणि त्याने ती परस्पर बदलूही नये. या एका फरकावरच निम्मा निर्णय होतो.

ही दोन साधने एकच गोष्ट मोजत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. ग्लुकोमीटर बोटाच्या टोकातून आलेल्या रक्ताच्या थेंबातील ग्लुकोज मोजतो. सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली काही मिलिमीटर शिरतो आणि तेथील पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. तंतूवरील विकराची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन जो सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो, त्यावरून दर एक ते पाच मिनिटांनी आकडा काढला जातो. रक्तातील बदल या द्रवात उतरायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. साखर स्थिर असताना या विलंबाने काहीच बिघडत नाही, पण ती वेगाने चढत किंवा उतरत असताना तो जाणवतो. समजा, व्यायाम करताना साखर मिनिटाला 2 मिलिग्रॅमने (दर डेसिलिटरमागे; पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) घसरत आहे आणि विलंब दहा मिनिटांचा आहे, तर सेन्सर 90 दाखवत असताना रक्तातील साखर प्रत्यक्षात 70 पर्यंत आलेली असू शकते.

याच विलंबाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. साखर उतरून हात थरथरू लागले, घाम फुटला, म्हणून 15 ग्रॅम ग्लुकोज घेतले, तरी सेन्सरचा आकडा काही वेळ खालीच राहतो. तो पाहून घाबरलेला माणूस पुन्हा ग्लुकोज घेतो, मग आणखी काही खातो, आणि तासाभराने साखर 250 च्या वर गेलेली असते. अशा वेळी पंधरा मिनिटांनी बोट टोचून पाहणे हाच शहाणपणा, कारण बोटाच्या रक्तात सुधारणा आधी दिसते.

आता अचूकतेविषयी. ग्लुकोमीटरसाठी 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर 100 पेक्षा कमी असताना किमान 95 टक्के आकडे प्रयोगशाळेतील मूल्यापासून 15 मिलिग्रॅमच्या आत आणि 100 किंवा त्याहून जास्त असताना 15 टक्क्यांच्या आत असावे लागतात. म्हणजे मीटरने 180 दाखवले, तर खरे मूल्य 160 किंवा 200 असू शकते. हल्लीच्या चांगल्या सेन्सरांमधील सरासरी तफावत 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे पूर्वीइतकी दरी आता राहिलेली नाही. शिवाय मीटरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. फळ सोलून झाल्यावर हात न धुता बोट टोचले, तर त्वचेवरचा रस रक्तात मिसळून आकडा भलताच वर जातो. स्ट्रिपच्या डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात. रक्तक्षयामुळेही आकडा चुकू शकतो. सेन्सरच्या खोडी निराळ्या आहेत. पहिल्या दिवशी तो काहीसा भरकटतो, आणि रात्री त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर उतरलेली नसतानाही उतरल्याचे दाखवून मध्यरात्री अलार्म वाजवतो. काही सेन्सरांमध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, तर काहींमध्ये पॅरासिटॅमॉलनेही आकडा फुगतो; आपल्या सेन्सरचे माहितीपत्रक एवढ्यासाठी तरी वाचावे.

सेन्सरचे खरे बळ मात्र आकड्यांच्या सलगपणात आहे. दिवसातून चार वेळा बोट टोचणाऱ्याला चार ठिपके मिळतात. पाच मिनिटांना एक आकडा देणारा सेन्सर 288 देतो, त्यात पहाटे तीनची साखरही येते. जोडीला दिशादर्शक बाण असतो. मीटरवर 110 दिसले तर कुणीही निश्चिंत होईल, पण त्या 110 शेजारी बाण सरळ खाली वळलेला असेल, तर इन्सुलिन घेऊन गाडी चालवायला निघालेल्या माणसाने आधी काहीतरी खायला हवे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी दोन माणसांमध्ये सारखीच येऊ शकते, आणि तरीही त्यांपैकी एकाची साखर दिवसभर शांत तर दुसऱ्याची सतत वरखाली होत असते. म्हणूनच 2019 पासून 70 ते 180 या पट्ट्यात किती वेळ गेला, हे माप प्रमाण मानले जाऊ लागले. बहुतेक प्रौढांसाठी ते 70 टक्क्यांहून अधिक आणि 70 च्या खालचा वेळ 4 टक्क्यांहून कमी असावा, असे उद्दिष्ट आहे. बोट टोचून हे माप मिळत नाही.

त्यामुळे टाइप 1 मधुमेह, दिवसातून अनेक वेळा इन्सुलिन, साखर उतरल्याची लक्षणे न जाणवणे, किंवा इन्सुलिनवर असलेले लहान मूल, यांपैकी काहीही असेल आणि खर्च झेपत असेल, तर सेन्सर घ्यावा, असे मी निःशंकपणे म्हणेन. टाइप 1 असलेल्या गर्भवतीलाही त्याचा चांगला लाभ होतो.

गोळ्यांवर असलेल्या टाइप 2 च्या व्यक्तीबाबत मी इतके ठाम सांगणार नाही. तिच्यासाठी मीटर बहुतेक वेळा पुरेसा असतो, फक्त तो नीट वापरला पाहिजे. रोज सकाळी उपाशीपोटीचाच आकडा वहीत लिहिण्यापेक्षा एखाद्या जेवणाआधी आणि दोन तासांनी, अशी जोडीने तपासणी केली, तर त्या जेवणाचा परिणाम स्पष्ट दिसतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, म्हणून ती घेणाऱ्याने मीटर हाताशी ठेवावा. मधला मार्गही आहे: औषध बदलल्यावर किंवा एचबीए1सी वाढण्याचे कारण सापडत नसताना एकच सेन्सर दोन आठवडे लावून तो आलेख डॉक्टरांना दाखवावा आणि नंतर पुन्हा मीटरवर यावे. कायमच्या खर्चाआधी हा प्रयोग मला जास्त पटतो.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. सेन्सर साधारण 7 ते 15 दिवसांनी टाकून नवा घ्यावा लागतो. स्ट्रिपांचा खर्च तपासणीगणिक वाढतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तपासणाऱ्याला मीटर कितीतरी स्वस्त पडतो, तर दिवसाला आठ-दहा वेळा बोट टोचावे लागणाऱ्यासाठी ते अंतर बरेच घटते. चिकटपट्टीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते आणि घामाने सेन्सर मुदतीआधी निघू शकतो. काही जणांना दर दहा मिनिटांनी मोबाइल पाहण्याची सवय जडते आणि जेवणानंतरची स्वाभाविक वाढही छळू लागते. स्वभावच काळजी करण्याचा असेल, तर हा मुद्दा खर्चाइतकाच विचारात घ्यावा.

सेन्सर घेतला तरी मीटर माळ्यावर टाकू नये. नवा सेन्सर सुरू होईपर्यंतचा अर्धा ते दोन तासांचा काळ, सेन्सर अचानक बंद पडणे, आणि मुख्य म्हणजे शरीर एक सांगत असताना पडद्यावर दुसरेच दिसणे, या तिन्ही वेळी बोटच टोचावे लागते. खरेदीपूर्वी तो सेन्सर आपल्या मोबाइलवर चालतो का, आणि साखर उतरल्यावर आपणहून अलार्म देतो की मोबाइल जवळ नेल्यावरच आकडा दाखवतो, हे विचारून घ्यावे. ज्याला रात्रीच्या घसरणीची भीती आहे, त्याला दुसऱ्या प्रकारचा फारसा उपयोग नाही.